लेक कार्ताहेनाला नेतोय, आणि आईला खर्च अंगावर येतोय

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं आहे. त्या ६१ वर्षांच्या, यजमान ६७ वर्षांचे. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू न्यू जर्सीला असतात. येत्या हिवाळ्यात हे दोघं त्यांच्याकडे जाणार आहेत. लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून मुलाने सगळ्यांना नाताळच्या आठवड्यात कोलंबियातल्या कार्ताहेनाला, तिथल्या समुद्रकाठच्या जुन्या शहरात न्यायचं ठरवलं आहे. तो मित्राच्या लग्नाला तिथे गेला होता, तेव्हाच फोनवर म्हणाला होता, "आई, तुला हे गाव दाखवायचंय." बेत मोठा आहे: तटबंदीच्या आतला एक अख्खा जुना वाडा आठ दिवस भाड्याने, गच्चीवर पोहण्याचा तलाव, घरी येऊन रांधणारा स्वयंपाकी, बेटांवर जायला खासगी नौका. यजमान म्हणतात, एवढ्या पैशांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन वर युरोपही होईल. शिवाय कोलंबिया म्हणजे ड्रग्ज आणि गोळीबार. नणंद म्हणते, त्यापेक्षा स्वित्झर्लंडला जा. सुनेला निळा समुद्र हवाय, नातवाला समुद्री चाचे. दोघं शाकाहारी, यजमानांचा गुडघा दुखरा. "नको म्हणू, जरा साधं कर म्हणू, की गप्प बसून जाऊ?" असं त्या विचारतात. शेवटी कंसात एक वाक्य आहे: (मला स्वतःला त्या तटावरून संध्याकाळी चालायला आवडेल, पण ते काय, होईल तेव्हा होईल.)

नमस्कार ताई,

यजमानांचं म्हणणं, सुनेची हौस, नातवाचा हट्ट, नणंदेचा सल्ला, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुम्हाला काय हवंय ते मात्र कंसात. माझं पहिलं सांगणं एवढंच की तो कंस काढा. तटावरून संध्याकाळी चालणं ही या सगळ्या बेतातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, फुकट आहे, आणि मुलाने हे शहर निवडलं तेही बहुधा त्याच्यासाठीच. तो "तुम्हाला सहलीला नेतो" म्हणाला नव्हता, "तुला दाखवायचंय" म्हणाला होता. ज्या बाईने जन्मभर मुलांना किल्ले आणि आरमारं शिकवली, तिला तो अकरा किलोमीटर तटबंदीचं शहर दाखवायला निघालाय. आता तुम्ही खर्चाकडे बोट दाखवून नको म्हणालात, तर त्याला ऐकू येईल ते वेगळंच.

पण गप्प बसून जाऊ नका. गप्प बसून गेलेला माणूस तिथे प्रत्येक बिलाचे मनात रुपये करतो, आणि तिथलं चलन पेसो, त्याच्या नोटा हजारांत असतात, त्यामुळे दचकायला भरपूर वाव आहे. हो म्हणा आणि बेतात हात घाला. कारण मुलाच्या बेतातल्या काही गोष्टी तुमच्या घराला खरंच उपयोगाच्या आहेत आणि काही नुसत्या फोटोपुरत्या.

आधी यजमानांची भीती, कारण ती हवेत ठेवली तर विमानतळापर्यंत येईल. कोलंबियाची जी प्रतिमा त्यांच्या डोक्यात आहे ती मुख्यतः ऐंशी-नव्वदच्या दशकांतली. देश आजही सगळा शांत नाही. पण कार्ताहेनाच्या तटबंदीच्या आत पर्यटकाला रोज भेडसावतं ते फोन हिसकावणं, किनाऱ्यावर "फुकट नमुना" म्हणून खांदे चेपायला लागणाऱ्या बायका आणि नंतर त्याचं अवाच्या सवा बिल, आणि टॅक्सी. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवायचं. रात्री तटाबाहेरच्या अंधाऱ्या किनाऱ्यावर फिरायचं नाही, अनोळखी माणसाने दिलेलं पेय घ्यायचं नाही (हे तुमच्यापेक्षा मित्रांच्या टोळक्याने जाणाऱ्या तरुण वाचकांसाठी). आणखी एक, लहान मूल बरोबर असताना माहीत असलेलं बरं: घड्याळाच्या मनोऱ्याशेजारच्या प्लाझा दे लोस कोचेसमध्ये रात्री उशिरा देहविक्रयाचे दलाल फिरतात. दिवसा तो चौक जरूर बघा, त्याबद्दल पुढे सांगते.

आता समुद्र. इथे तुमच्या सुनेचा आणि मुलाचाही एक गैरसमज दिसतो. शहर समुद्रकाठी आहे म्हणजे किनारा सुंदर असणार, असं आपण धरून चालतो. कार्ताहेना शहराच्या किनाऱ्यावर वाळू करडी आहे आणि पाणी गढूळ. स्पॅनिश लोकांनी १६५० मध्ये माग्दालेना नदीपासून उपसागरापर्यंत कालवा खोदला, कानाल देल दिके. त्यातून नदीचा गाळ आजही येतो. निळं पाणी हवं तर रोसारिओ बेटांकडे किंवा बारू बेटाकडे जावं लागतं. बहुतेक लोक हे एका दिवसात उरकतात: सकाळी वेगवान होडी, दुपारी बेट, संध्याकाळी परत. डिसेंबर ते मार्च व्यापारी वारे जोरात असतात आणि दुपारनंतर समुद्र खवळतो. परतीच्या वाटेवर होडी लाटांवर अशी आपटते की तरुणांच्याही पाठी बोलतात. यजमानांच्या गुडघ्याला तर ती शिक्षाच होईल. खासगी नौका घेतली म्हणून लाटा कमी होत नाहीत, आणि शनिवार-रविवारी चोलोनच्या खाडीत नौकांवर जी गाणी वाजतात त्यांच्यापासूनही सुटका नाही.

म्हणून नौका काढून टाका. त्याऐवजी आठ दिवसांचे दोन तुकडे करा: आधी चार-पाच रात्री जुन्या शहरात, मग दोन-तीन रात्री बारूवर. बारूला २०१४ पासून पूल आहे, गाडीने तासाभरात पोचता येतं. तिथे उत्तम रिसॉर्ट आहेत, जमिनीवरच्या खोल्या मिळतात, सुनेला तिचा समुद्र मिळतो आणि तुमचे यजमान पाय वाळूत पसरून हवं ते पुटपुटू शकतात. शहर आणि समुद्र या इथल्या दोन वेगळ्या सुट्ट्या आहेत. एकाच दिवसात दोन्ही साधायला गेलं की दोन्हींचा विचका होतो.

वाड्याबद्दल मी द्विधा आहे. अंगणाभोवतीच्या खोल्या, लाकडी सज्जे, घोड्यावरून आत येता येईल एवढे उंच दरवाजे आणि त्यांवर सरड्याच्या नाहीतर सिंहाच्या आकाराच्या पितळी कड्या: मला मोह समजतो. पण बहुतेक वाड्यांना लिफ्ट नसते, झोपायच्या खोल्या वर असतात, जिने उंच पायऱ्यांचे. त्यातून शेजारच्या गच्चीवर बार असेल तर पहाटे दोनपर्यंत तुम्ही त्यांच्याबरोबर जाग्या. मुलाला तीन गोष्टी घरमालकाकडून लेखी विचारायला सांगा: खालच्या मजल्यावर न्हाणीघरासकट खोली आहे का, शेजारी रात्री संगीत असतं का, आणि वीज गेली तर जनरेटर आहे का. तिन्ही उत्तरं नीट आली तर वाडा घ्या. नाहीतर सरळ हॉटेल. सतराव्या शतकातला सांता क्लाराचा मठ, जिथे एके काळी नन्स राहायच्या, आज हॉटेल आहे. सांता तेरेसाचंही तसंच झालं. इतिहासाच्या शिक्षिकेला मठात झोपायला मिळणं काही वाईट नाही, आणि वर लिफ्ट! हॉटेल घेतलंत तर आणखी एक: देशात न राहणाऱ्या परदेशी पर्यटकाला तिथे राहण्याच्या बिलावर १९ टक्के व्हॅट माफ असतो. पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का दाखवायचा आणि बिलातून तो कर वगळायला सांगायचं. यजमानांना हे काम द्या. मनापासून करतील.

मग श्रीमंती कशावर करायची? माझ्या मते सावलीवर, गाडीवर आणि स्वयंपाक्यावर.

सावली म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळतं. शहर विषुववृत्तापासून फार लांब नाही, वर्षभर तिशीच्या आसपास तापमान आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. अकरा ते चार या वेळात शहाण्याने बाहेर पडू नये. यादी घेऊन सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फिरणारे पर्यटक तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्याकडे तलाव आहे, पंखा आहे, आठ वर्षांचं पोर आहे. दुपार घरी घालवा. पैसे मोजून विकत घ्यायचं ते हेच, दुपारी कुठेही न जाण्याचं स्वातंत्र्य.

सान फेलिपेच्या किल्ल्यावर दार उघडल्या उघडल्या पोचा. वर सावलीचा पत्ता नाही आणि चढ आहे. यजमानांनी खालीच थांबावं किंवा हळूहळू अर्ध्यापर्यंत यावं. नातवाला भुयारं आवडतील. चाच्यांची त्याची भूक भागवायला तुम्ही समर्थ आहातच, पण तयारीला म्हणून देते: १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने हे शहर घेतलं, घरं जाळत सुटला आणि जबर खंडणी घेऊनच निघाला, त्यानंतर स्पेनने अंतोनेल्ली नावाच्या इटालियन अभियंत्याला तटबंदीचा आराखडा करायला लावला. १७४१ मध्ये ब्रिटिश नौसेनापती व्हर्नन दीडशेहून जास्त जहाजं घेऊन चालून आला आणि स्पेनच्या ब्लास दे लेसोपुढे हरला. या लेसोचा एक पाय, एक डोळा आणि एका हाताची ताकद आधीच्या लढायांत गेलेली. आठ वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय हवं? वर १७०८ मध्ये किनाऱ्याजवळ बुडालेलं आणि २०१५ मध्ये सापडलेलं खजिन्याचं जहाज सान होसे आहेच. शिवाजी महाराजांच्या जलदुर्गांशी तुलना तुम्ही तिथे उभ्या राहून कराल, मी इथे बसून कशाला करू.

पत्रात तुम्ही खर्चाबद्दल अपराधी वाटतं म्हणालात, पण मला त्याच्या मागे आणखी काहीतरी दिसतं. तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, "ज्या बंदरात माणसं विकली तिथे आम्ही चैन करायची." हे वाक्य पुसू नका. घड्याळाच्या मनोऱ्यातून आत गेल्यावर जो चौक लागतो, प्लाझा दे लोस कोचेस, तिथेच आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार भरायचा. आज कमानींखाली मिठाईवाल्या बसतात, नारळाच्या कोकादा आणि चिंचेच्या गोळ्या विकतात. जवळच सान पेद्रो क्लाव्हेरचं चर्च आहे. हा येशूसंघाचा धर्मगुरू चाळीसेक वर्षं गुलामांच्या जहाजांवर जाऊन आजाऱ्यांची सेवा करत राहिला, १६५४ मध्ये वारला. आणि चालत पाच-सात मिनिटांवर इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या धर्मन्यायालयाचा वाडा. गोव्यातलं इन्क्विझिशन तुम्ही वर्गात शिकवलं असेल. इथलं न्यायासन १६१० मध्ये आलं, स्पॅनिश अमेरिकेत लिमा आणि मेक्सिकोनंतरचं तिसरं.

पण घरी बसल्याने त्यातलं काही फिटणार नाही. उलट तुमच्यासारखीला जाऊन करता येईल असं एक काम आहे: सान बासिलिओ दे पालेंकेला एक दिवस द्या. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव पळून गेलेल्या गुलामांनी वसवलं. त्यांचा नेता बेंकोस बिओहो, त्याला स्पॅनिश सत्तेने १६२१ मध्ये फासावर दिलं. गावाची स्वतःची भाषा आहे, स्पॅनिशच्या अंगात आफ्रिकेतल्या बांटू भाषांचं रक्त असलेली, आणि युनेस्कोने गावाच्या या सांस्कृतिक वारशाची २००५ मध्ये दखल घेतली. वाटाड्या त्याच गावचा घ्या, जेवण तिथल्याच घरात घ्या, म्हणजे पैसा तिथेच राहतो. शहरात रंगीबेरंगी झगे घालून डोक्यावर फळांची टोपली घेतलेल्या ज्या पालेंकेरा बायका दिसतात, त्या याच गावच्या परंपरेतल्या. त्यांचा फोटो काढायचा तर पैसे द्यायचे. घासाघीस करू नका, फळंही घ्या. तिथला चिकू खा. चिकू मूळचा त्याच बाजूच्या जगातला, डहाणूला तो फार उशिरा आला.

हेत्सेमानीबद्दल थोडं. तटाला लागून असलेली ही एके काळची कारागिरांची आणि मुक्त कृष्णवर्णीयांची वस्ती. १८११ मध्ये स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर करायला इथल्याच लोकांनी भाग पाडलं. आता भिंतींवर चित्रं आहेत, छोटी हॉटेलं आहेत आणि वाढत्या भाड्यांमुळे जुनी कुटुंबं निघून चालली आहेत. संध्याकाळी त्रिनिदाद चौकात बसा, गाडीवरचं खा, पण लोकांच्या उघड्या दारांतून आत फोटो काढू नका. पाहुणे हे फार करतात.

खाण्याचं. "कार्ने नको" म्हटलं तर तिथे समोर चिकन किंवा मासे येऊ शकतात, कारण मांस म्हणजे लाल मांस अशी अनेकांची समजूत आहे. कोंबडी, मासे, डुकराचं मांस, सगळ्याला वेगवेगळं नाही म्हणायचं. सुनेकडून एका कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून घ्या आणि दाखवा. घेवड्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. नारळाचा भात, कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोन, चीज भरलेली कारिमान्योला हे निर्धास्त खा. कारिमान्योला कसावाची असते, म्हणजे आपला साबुदाणा ज्यापासून होतो त्याच कंदाची, तेव्हा यजमानांची एकादशी आली तरी अडणार नाही, फक्त चीजबद्दल त्यांचं मत विचारून ठेवा. याच कारणासाठी स्वयंपाकी मात्र सोडू नका. यजमान त्यालाच आधी कात्री लावतील. मुलाच्या बेतातली तुमच्या घरासाठी सर्वांत शहाणपणाची चैन तीच आहे: एक माणूस बाजारातून ताजं आणतो, तुम्ही शेजारी उभं राहून डाळीला फोडणी द्यायला शिकवता, तो तुम्हाला सुरणासारख्या न्यामे कंदाचं चीज घातलेलं सूप करून दाखवतो. हिंग आणि हळद तेवढी न्या.

तारखांचं मात्र बोलायला हवं. नाताळ ते नववर्ष हा तिथला सर्वांत महागाचा आणि गर्दीचा काळ; बोगोता-मेदेयिनचे पैसेवाले सगळे तिथे उतरतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वांत जास्त, डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कोरडं. जानेवारीचा मध्य उलटला की दर उतरतात. नातवाची शाळा आडवी येत असेल तर फेब्रुवारीतली त्याची छोटी सुट्टी बघा. ईस्टर नको, तेव्हाही तोबा गर्दी. नुसत्या तारखा हलवून जे वाचेल त्यात तुमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग होईल की नाही ठाऊक नाही, पण यजमानांना सांगायला मुद्दा झाला.

कागदपत्रांत तुमचं नशीब चांगलं आहे. भारतीय पासपोर्टला कोलंबियाचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) पुरेशी मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल तर सवलत आहे. मुदत किमान १८० दिवस उरलेली असावी. तिकीट काढण्याआधी कोलंबियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघून घ्या. प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत 'चेक-मिग' हा अर्ज ऑनलाइन भरायचा, तो फुकट असतो. पैसे मागणारं पान उघडलं तर ते खोटं. न्यूयॉर्कहून थेट विमान आहे, पाच तासांच्या आसपास, आणि हिवाळ्यात दोन्हीकडची घड्याळं एकच असतात.

एक गोष्ट मात्र कुठलाही ट्रॅव्हल एजंट वेळेवर सांगत नाही. कोलंबिया पीतज्वराचा (यलो फीवर) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. आणि ही लस साठीपुढच्या माणसाला पहिल्यांदाच द्यायची तर डॉक्टर जपून देतात, कारण क्वचित गंभीर त्रास होतो. तुम्ही दोघंही साठीपुढचे. तेव्हा कार्ताहेना तुमच्या अमेरिका मुक्कामाच्या शेवटी नको, मध्ये घ्या. परतल्यावर न्यू जर्सीत आठवडाभरापेक्षा जास्त राहून मगच मुंबईचं विमान धरा. लस घ्यायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, नियम मुंबईच्या विमानतळ आरोग्य कार्यालयाला विचारून घ्यायचा, आणि लस घेतलीच तर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं हे लक्षात ठेवायचं. थेट भारतातून जाणाऱ्या वाचकांनी तर हे सर्वांत आधी बघावं, मग हॉटेल.

मुलाशी बोलताना खर्चाचा शब्द काढू नका. म्हणा, "मला पालेंकेला जायचंय, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला तटावर. बाबांना खालच्या मजल्यावर खोली हवी. नौका नको, त्याऐवजी बारूला दोन रात्री. तारखा जानेवारीनंतर जमतायत का बघ." तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेपाच बरोबर आहे. ज्या संध्याकाळी पोराला तलावातून बाहेर यायचं नसेल त्या संध्याकाळी त्याला ठेवून तुम्ही दोघंच जा. तटावर चढायला जागोजागी उतार आहेत, जिन्यांपेक्षा गुडघ्याला सोपे.